शनिवारचा पाठ

माझ्या वहिनीला एक ओळ पाठ होत नव्हती, आणि ती तिच्याकडून पाठ करून घ्यायचीच असा मी चंग बांधला होता. चाळीस वर्षं होऊन गेली. तरी हे आठवलं की हातातलं काम खाली ठेवावं लागतं.

तेव्हा मी मुठ्याला शाळेत मास्तरीण होते. चार वर्ग, एक खोली आणि मी. वय चोवीस, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं अशी खात्री. शनिवारी सकाळची शाळा सुटली की खिंड चढून पिरंगुटच्या बाजूला उतरायचं, मिळेल ती एसटी पकडायची आणि पौडला दादाकडे जायचं. दादा तिथे सरकारी कचेरीत कारकून होता. आम्ही मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. वडील लवकर गेले. दादानं स्वतःचं शिक्षण सोडून मला शिकवलं. तो बोलेल तो माझ्यासाठी शेवटचा शब्द होता. तो उभा राहिला की मी उभी राहायचे आणि त्यानं शास्त्र म्हणजे बायबल उघडलं की माझं डोकं आपोआप खाली जायचं.

दर शनिवारी चार-साडेचारला दादाच्या घरी शास्त्राभ्यास असे. घर म्हणजे बाजाराच्या मागे एका शेतकऱ्यानं भाड्यानं दिलेल्या दोन खोल्या. चर्चचे पाळकसाहेब पुण्याहून महिन्यातून एकदा येत, बाकीचे शनिवार दादाच्या अंगावर. आम्ही मोजून पाच माणसं. दादा, वहिनी, मी, एक एसटीचा कंडक्टर आणि एक म्हाताऱ्या नर्सबाई. नर्सबाईंनी कुठल्याशा दूरच्या दवाखान्यात जन्म घालवला होता आणि आता त्या पौडात एकट्या राहत. कंडक्टरचा आवाज असा की गाणं सुरू झालं की शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारायची.

आमच्या अभ्यासाची एक रीत होती. ती दादानंच घातली होती. देवापुढे काही ठेवण्याआधी ज्याचं मन आपण दुखावलंय त्याच्याशी समेट करून यावं, ही शिकवण त्यानं अक्षरशः घेतली. म्हणून शास्त्र उघडण्याआधी आम्ही गोल बसून एकमेकांची क्षमा मागायचो. हात जोडायचे आणि म्हणायचं, "माझं काही चुकलं असेल तर क्षमा करा." समोरच्यानं म्हणायचं, "क्षमा केली." सगळ्यांचं झालं की मगच पान उघडायचं.

या रीतीत गंमतही खूप व्हायची. कंडक्टर नर्सबाईंची क्षमा मागे, कारण त्यानं गाडी थांब्यापासून पन्नास पावलं पुढे उभी केली होती आणि त्यांना पळावं लागलं होतं. नर्सबाई म्हणत, "क्षमा केली, पण पुढच्या वेळी पावलं मोजीन." मी वहिनीची क्षमा मागे, तिनं झाकून ठेवलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांबद्दल. आणि शेवटी दादा. तो आपल्या जागेवरून उठायचा, वहिनीपुढे गुडघे टेकायचा आणि हात जोडायचा. "आठवड्यात माझ्याकडून तुझं काही दुखावलं असेल तर प्रभूच्या नावानं क्षमा कर." त्याचे डोळे भरलेले असायचे. वहिनी खाली बघून म्हणायची, "क्षमा केली."

मला ते बघून भरून यायचं. कुठला नवरा बायकोपुढे गुडघे टेकतो? घरमालकीण एकदा दारातून हे बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी नळावर मला म्हणाली, "तुमच्यातला नवरा बाईमानसाला हात जोडतुया म्हनं! आमच्यात कुनी असं केलं तर मी गावजेवन घालीन." मी ते वाक्य मिरवत मुठ्याला घेऊन गेले. ख्रिस्ती प्रीती म्हणजे काय हे कुणी विचारलं असतं तर मी माझ्या दादाकडे बोट दाखवलं असतं.

वहिनी इकडचीच, धरणाच्या वसाहतीतली. तिचे वडील तिथे कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत, तेही मधे मधे सुटलेलं. बोलणं अस्सल मावळी. मला "वन्सं, तुमी" म्हणायची, मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान असून. गप्प बाई. तिच्या दोन गोष्टी माझ्या डोळ्यांत भरल्या होत्या. एक म्हणजे वैशाखातसुद्धा ती कोपराखाली येणाऱ्या बाह्यांचं पोलकं घालायची. दुसरी म्हणजे अभ्यासाला बसली की ती कधी भिंतीला टेकायची नाही. आम्ही सगळे अर्ध्या तासात भिंत धरायचो. कंडक्टर तर जवळजवळ आडवाच व्हायचा. वहिनी मात्र दीड तास ताठ. मी शाळेत पोरांना सांगायचे, "माझी वहिनी बघा, देवाचं ऐकताना पाठ टेकत नाही. आणि तुम्ही?" पोरं बिचारी ताठ बसायची.

त्या वर्षी दादानं ठरवलं की प्रीतीवरचा अध्याय घ्यायचा, आणि घाईनं नाही, एका शनिवारी एकच ओळ. ती ओळ सगळ्यांनी पाठ करायची आणि आठवडाभर तिच्यावर चालायचं. पहिल्याच शनिवारी वहिनीनं मला चुलीपाशी विचारलं, "वन्सं, प्रीती म्हंजे आपली माया न्हवं का?" मी मास्तरीण. मी तिला समजावलं की माया वेगळी, माया आंधळी असते, आपल्यापुरती असते. प्रीती वरून येते. वहिनीनं भाकरी उलटली आणि म्हणाली, "आसंल. मला आपली माया कळती." मी हसले. मला तिची कीव आली होती, हे आता लिहिताना लाज वाटते.

तर ती ओळ. प्रीती कुणी केलेलं वाईट मनात धरून ठेवत नाही, अशा अर्थाची. बाकीच्या ओळी वहिनीनं बऱ्यापैकी पाठ केल्या होत्या. सहनशीलतेची तर तिला एका दमात आली. पण इथे गाडी अडली. पहिल्या शनिवारी ती मधेच थांबली. दुसऱ्या शनिवारी तिनं ती ओळ सोडून पुढची म्हटली. दादा प्रेमानं म्हणाला, "पुन्हा एक आठवडा घेऊ, तुझ्यासाठी." तिसऱ्या शनिवारी मी मुद्दाम लवकर पोचले आणि तिला स्वयंपाकघरात धरलं. पोरांना पाढे घोकायला लावतात तसं तिला म्हणायला लावलं. मी अर्धी ओळ म्हणायचे, ती पुरी करायची. ती अर्ध्यावर यायची आणि ओठ मिटायची. माझा संयम संपला. मी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला साधी एक ओळ पाठ होत नाही? पाठीला काय झालंय तुमच्या?"

मला म्हणायचं होतं पाठांतराला. घाईत तोंडून पाठीला निघालं. वहिनीनं माझ्याकडे रोखून बघितलं. मला वाटलं, रागावली. मी मनात ठरवलं की समेटाच्या वेळी याचीही क्षमा मागून टाकू. सोयच होती ती.

भातकापणीचे दिवस होते. बाहेर पेंढ्याचा वास भरून राहिला होता आणि ऊन अजून पडवीत होतं. आम्ही गोल बसलो. कंडक्टरनं नर्सबाईंची क्षमा मागितली, नर्सबाईंनी कंडक्टरची. मी वहिनीपुढे हात जोडले, "मघाशी माझं काही चुकलं असेल तर..." तिनं मान हलवली. मग दादा उठला, गुडघे टेकले, हात जोडले. डोळे नेहमीसारखे भरलेले. "आठवड्यात माझ्याकडून तुझं काही दुखावलं असेल तर प्रभूच्या नावानं क्षमा कर."

वहिनी म्हणाली, "न्हाई."

आधी कुणाला कळलंच नाही. दादा हसला. "काय नाही?"

"क्षमा न्हाई. आन् 'असंल तर' बी न्हाई. हाय ते हाय."

मी अशी हबकले की क्षणभर मला वाटलं, वहिनीच्या डोक्यावर काही परिणाम झालाय. आमच्या घरात, त्या गोलात, हा शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. दादा तसाच गुडघ्यांवर होता. त्याचे जोडलेले हात मला बघवेनात. आणि मी, कुणी न विचारता, मधे तोंड घातलं. "वहिनी, असं काय करता? म्हणा ना. तुम्ही म्हटल्याशिवाय पुढचं सुरू कसं करायचं?"

तिनं माझ्याकडे बघून सावकाश उत्तर दिलं. आवाज चढला नव्हता. "दर शनवारी म्हनते की, वन्सं. म्या म्हनलं की ह्यांची पाटी कोरी हुती. सोमवारपासनं पुन्यांदा ल्ह्यायला मोकळे. माझी पाठ न्हाई कोरी हुत."

ती उठून आत गेली. मी तिच्या मागे गेले. तिला समजवायला गेले होते, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती. प्रीतीची सगळी वाक्यं तयार होती.

वहिनी चुलीकडे तोंड करून उभी होती. तिनं पदर खांद्यावरून काढला, पोलक्याचे हूक सोडले आणि पोलकं पाठीवरून खाली सरकवलं. "वाच," ती म्हणाली. "मास्तरीण हायेस न्हवं तू? वाच."

तिनं मला पहिल्यांदा 'तू' म्हटलं.

मी वाचलं. जुने पट्टे पांढुरके झालेले. त्यांच्यावरून गेलेले नवे, लाल. एका ठिकाणी खपली. आणि खांद्याच्या हाडापाशी दोन जागी चौकोनी कोपरा उमटलेला, अगदी स्पष्ट. तो चौकोन माझ्या ओळखीचा होता. माझ्या पहिल्या पगारातून मी नाताळला दादासाठी कमरेचा पट्टा आणला होता. पितळी चौकोनी बक्कल. लक्ष्मी रोडवरची चार दुकानं फिरून मीच ते निवडलं होतं, जरा जड बघून, कारण जड वस्तू टिकते.

मी डब्याला धरून उभी राहिले. एकामागून एक सगळं माझ्या अंगावर आलं, लांब बाह्या, ताठ बसणं, आणि शाळेतली ती माझी ताठ बसलेली पोरं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं मी खिंड ओलांडून दर आठवड्याला प्रीती शिकायला येत होते, आणि ती पाठ माझ्यासमोर दीड तास बसलेली असायची.

"कधीपासून?" मी विचारलं.

"समेट सुरू झाला त्याच्या आधीपासनं. समेटापासनं जास्ती." तिनं हूक लावले. "आधी तेस्नी चार दिस लाज वाटायची, तेवढे दिस बरे जायाचे. आता शनवारी धुऊन निघतं सगळं."

बाहेर दादानं हाक मारली. रागाची नव्हे. "या ना गं दोघी." मी बाहेर आले. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असणार. तो माझ्यासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. माझा दादा, ज्यानं मला बोट धरून शाळेत नेलं होतं. त्याच्या गालांवर पाणी होतं. ते पाणी खोटं नव्हतं, हेच मला आजवर पचलेलं नाही. ढोंग असतं तर सोपं झालं असतं. तो दर शनिवारी खरंच रडत होता.

हात जोडून तो मला म्हणाला, "तू तरी. माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर."

आणि मी म्हणाले, "क्षमा केली."

विचार करून म्हणाले नाही. मला ते पाठ होतं. दोन वर्षांचे शनिवार घोकून घोकून जिभेवर बसलं होतं, आणि जोडलेले हात समोर आले की आपोआप बाहेर पडायचं. शब्द निघून गेल्यावर मला ते ऐकू आले. मी मागे वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. हातात कापडी पिशवी.

पाठ कुणाची, आणि क्षमा करणारी कोण, तर मी!

वहिनी बाहेर आली. आमच्या मधून चालत दारापाशी गेली आणि चपला घातल्या. तेव्हा नर्सबाई उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, पण उठल्या. म्हणाल्या, "दोनदा मी मलम लावलंय हिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून बोलले नाही. देव मला विचारेल तेव्हा विचारेल." मग वहिनीला म्हणाल्या, "चल गं माझ्याकडे." दोघी पेंढ्यांच्या गाडीला वाट देत रस्त्याला लागलेल्या मला दारातून दिसल्या. म्हणजे नर्सबाईंना ठाऊक होतं. कंडक्टर खाली बघत होता, म्हणजे त्यालाही थोडंफार ठाऊक असावं. झाकली मूठ होती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती झाकली होती.

मी त्यांच्या मागे गेले नाही. हे लिहून ठेवते. मी तिथेच बसले. दादानं डोळे पुसले, शास्त्र उघडलं आणि म्हणाला, "आपण सुरू करूया." आणि आम्ही तिघांनी ती ओळ वाचली.

त्यानंतरच्या शनिवारी मी पौडला गेले नाही, आणि नंतरही नाही. दादाचं पत्र आलं, चार पानी, सुंदर अक्षरात. शेवटी तेच वाक्य. मी शाळेतली लाल शाई घेतली, 'असेल तर' एवढे दोन शब्द खोडले आणि पत्र परत पाठवलं. त्याचं उत्तर आलं नाही. पुढे त्याची बदली झाली. तो माझा भाऊच आहे, आणि त्यानं मला शिकवलं हेही खरंच आहे. दोन्ही खरं असताना माणसानं काय करायचं, हे मला कुठल्या अभ्यासात कळलं नाही.

वहिनीकडे जायला मला दोन वर्षं लागली. पत्ता नर्सबाईंनी दिला होता आणि तो मी पाकिटात घेऊन फिरत होते. ती सूसला राहत होती. तेव्हा सूस म्हणजे शेतं आणि कौलारू घरं. पुण्यात मुलींच्या एका वसतिगृहात ती स्वयंपाकाला जायची. एका शनिवारी मी तिच्या दारात उभी राहिले. ती भिंतीशी बसून लसूण सोलत होती. भिंतीला टेकून, पाय पसरून. लहान बाह्यांचं पोलकं. तिला असं बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि मला रडू फुटलं.

तिनं रडू दिलं. मग मला नावानं हाक मारली, वन्सं नाही, आणि म्हणाली, "बस."

मी बसले नाही. मी गुडघे टेकले, पण हात जोडायची मला भीती वाटली. हात तसेच मांडीवर ठेवून मी म्हणाले, "वहिनी, माझं चुकलं. दादाला क्षमा केली म्हणाले ते चुकलं. ते म्हणायचा मला हक्कच नव्हता."

"व्हय," वहिनी म्हणाली. "चुकलं तुझं."

मी वाट बघत राहिले. सवय लागलेली ना. तिनं दोन पाकळ्या सोलल्या, सालं फुंकली.

"क्षमा?" मी विचारलं.

"आजून न्हाई." तिनं मान हलवली, आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "पर येत जा. शनवारी दुपारपासनं सुटी असती मला."

मी बसले. लसणाचा एक गड्डा उचलला आणि सोलायला लागले. पुढच्या शनिवारी पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही.